मीरानं सकाळी काय खाल्लं

मंदाकाकूंना कुठलीही गोष्ट सांगा, प्रेमाची, खुनाची, नाहीतर भुताची, त्या शेवटपर्यंत नीट ऐकून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, "बरं. आनि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काय खाल्लं?"

सुरुवातीला मला वाटायचं, बाईंना भूक लागलीय. मी बिस्किटाचा पुडा पुढे केलेलाही. त्यांनी बिस्किटं खाल्ली आणि परत तेच विचारलं.

आमचं ऑफिस तेव्हा ठाण्यात कोलशेतला, एका जुन्या कारखान्याच्या आवारात होतं. खालच्या गाळ्यात पत्र्याचे डबे बनायचे आणि वरच्या गाळ्यात आम्ही प्रेम बनवायचो. म्हणजे मोबाइलवर वाचायच्या चित्रकथा, मराठीत, दर शुक्रवारी एक भाग. नितीन सर मालक. चित्रं बाहेरगावाहून एक जण काढून पाठवायचा, त्याला आम्ही कधी पाहिलेलं नाही. रंग मी भरायचे. डोंबिवलीहून रोज यायचं आणि दिवसभर लोकांचे गाल गुलाबी करायचे, अशी माझी नोकरी. घरी आई शेजाऱ्यांना सांगायची, ती कम्प्युटरमध्ये आहे.

मंदाकाकू या गाळ्याच्या मालकीण. बाळकुमचं आगरी घर. सासऱ्यांची भातशेती होती तिथे आता टॉवर उभे आहेत, आणि माहेरच्या मिठागराच्या जागेवर कुणाचं तरी क्लबहाउस. काकू छप्पन्न-सत्तावन्नच्या असतील. गळ्यात सोन्याची जाड साखळी, तिच्याच जोडीला चष्म्याची साखळी, आणि खाली एक पांढरी अवाढव्य गाडी. ती त्या दोन गाड्यांच्या जागेत आडवी लावायच्या. वॉचमन काही बोलायचा नाही, कारण जागा त्यांचीच.

पहिल्यांदा आल्या त्या भिंतीला ओल आलीय का बघायला. भिंत बघून झाली आणि माझ्या पाठीमागे उभ्या राहिल्या. स्क्रीनवर हिरो हिरॉइनला म्हणत होता, "तुझ्या डोळ्यांत मी हरवून गेलोय."

"अगो बाय," काकू म्हणाल्या, "मग शोधाला कोन आलं?"

आणि हसल्या. त्यांचं हसणं खालच्या मशीनपेक्षा मोठं होतं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि तो सगळा भाग वाचला. त्यात सासू-सुनेचं भांडण होतं. वाचून म्हणाल्या, अशी कोणी सासू भांडत नाही, आणि खरी सासू कशी भांडते ते करून दाखवलं. खालचे दोन कामगार वर बघायला आले. नितीन सरांनी त्याच आठवड्यात त्यांना संवाद लिहायला ठेवलं. सरांच्या मनात असं होतं की बाई कामाला लागल्या तर निदान भाडं वाढणार नाही. भाडं वेळेवर वाढलं. काकूंच्या हिशोबी प्रेम वेगळं आणि गाळा वेगळा.

त्या स्वतः लिहायच्या नाहीत. खुर्चीवर मांडी घालून बसायच्या, हातातल्या बांगड्या उतरवून माझ्या कीबोर्डजवळ ठेवायच्या आणि सगळ्यांचे संवाद स्वतः बोलायच्या. हिरो, हिरॉइन, आई, रिक्षावाला, सगळे काकूच. मी ऐकून टाइप करायचे. हिरॉइन रडायला लागली की खालची मशीन बंद पडायची. लाइट गेले असं मला आधी वाटायचं. नंतर कळलं, लोक ऐकत असतात.

रंगांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं थोडक्यात होतं. मी गुलाबी घेतला रे घेतला की मागून आवाज यायचा, "स्वस्तातलं नको." मी पगाराला जागून गुलाबी भरायचे. आमच्या धंद्यात नायिका पडली तरी मागे फुलं, उठली तरी फुलं, आणि हिरोनं तिला भिंतीला दाबलं तर फुलांचा नुसता सडा. हा नियम कोणी केला ते माहीत नाही, पण पाळायचे सगळे.

भिंतीवरून आठवलं. एका मीटिंगमध्ये नितीन सर समजावत होते की भागाच्या शेवटी हिरोनं हिरॉइनचं मनगट पकडायला पाहिजे. ती जात असते, तो मागून येऊन मनगट पकडतो, ती वळते, डोळे मोठे होतात, शुक्रवार संपतो. "यात पॅशन दिसतं काकू."

काकूंनी "हां का" म्हटलं आणि टेबलावरचं सरांचं मनगट धरलं. धरलं आणि माझ्याकडे वळून विचारायला लागल्या, डोंबिवलीला पाणी येतं का, आईचा गुडघा कसा आहे, चहा कोण आणणार. मी उत्तरं देत होते. सर आधी हसले. मग हात ओढून बघितला. मिठागराच्या घरातली ती मूठ, ती काय सुटते! चहा आला. सरांनी डाव्या हातानं चहा घेतला. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"काकू, सोडा ना. दुखतंय."

"कला रं, कशाला सोडू? पॅशन नाय दिसत?"

सोडलं तेव्हा मनगटावर बोटं उमटलेली. सर मीटिंग संपेपर्यंत ते चोळत बसले, आणि त्या भागात हिरोनं मनगट पकडलं नाही, बसचं तिकीट पकडलं. तो भाग वाईट चालला. पण सरांनी तो विषय काकूंसमोर पुन्हा काढला नाही.

काकूंचा डबा हे ऑफिसातलं दुसरं कोडं. आगऱ्याच्या घरचा डबा म्हणजे उघडला की लालभडक रस्सा आणि मसाल्याचा ठसका, असं आम्ही धरून चाललेलो. काकूंच्या डब्यात रोज पांढरी डाळ, पांढरी भाजी, पांढरी कढी. मीठ, मिरची, लसूण, कोथिंबीर सगळं असायचं, फक्त हळद नसायची. त्यातलं आम्ही सगळे खायचो, चव उत्तम होती. पण दिसायला ते आजाऱ्याचं जेवण दिसायचं.

"काकू, पोट बिघडलंय का?" सर विचारायचे.

"माझं नाय, तुझं तोंड बिघडलंय. गप जेव."

हा डबा कळव्याहून यायचा. कळव्याला काकूंची धाकटी बहीण बेबी. लग्न होऊन तिथे तीसेक वर्षं झालेली. ती रोज सकाळी डबा करायची आणि काकूंचा ड्रायव्हर जाऊन घेऊन यायचा. बाळकुमला काकूंच्या घरी स्वयंपाकाला बाई होती, डब्याची गरज काहीच नव्हती. मी एकदा विचारलेलं. काकू म्हणाल्या, "डबा नेला की रोज कोनीतरी तिच्या दारात जातंय, येवढंच." मला वाटलं, बहिणीची माया. तेही खरंच होतं.

बेबीमावशी आमची सगळ्यात पक्की वाचक. शुक्रवारी दुपारी भाग आला की संध्याकाळच्या आत काकूंना फोन यायचा, आणि काकू तो स्पीकरवर टाकायच्या. पलीकडून बारीक आवाज. मागे टीव्ही चाललेला. बेबीमावशी नायिकेबद्दल अशा बोलायच्या की ती समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते. "तिला सांग ताई, त्या पोराशी जास्त बोलू नको." "तिची आई बरी हाय, पन कान हलके." काकू "सांगते" म्हणायच्या, आणि खरंच पुढच्या भागात तसं काहीतरी घालायच्या.

तेव्हा चाललेली मालिका मीराची. मीरा डोंबिवलीची, बँकेत नोकरीला, एकुलती एक. विक्रांत बिल्डरचा मुलगा. त्याची हनुवटी इतकी लांब काढलेली असायची की रंग भरताना मला दोनदा चहा लागायचा. काकूंनी त्यात मीराच्या मामेबहिणीचं लग्न घातलं. आगरी हळद घातली, बायकांची गाणी घातली, बेंजो आणि ढोल घातला. वाचकांना फार आवडलं. मी आयुष्यात भरला नसेल एवढा पिवळा त्या महिन्यात भरला. तेव्हा लक्षात आलं नाही, पण हळदीचे संवाद सांगताना काकू नुसती गाणी सांगायच्या. बाकी कोणी त्यात बोलायचंच नाही.

मग काकूंच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि त्या महिनाभर पेणला गेल्या. सरांना वाटलं, हीच संधी. मालिकेला हृदयं कमी पडायला लागलेली. हृदयं म्हणजे वाचक भाग आवडला की दाबतात ती लाल खूण. आमचं पोट तिच्यावर. सरांनी मोठ्या चालणाऱ्या प्रेमकथा बसून वाचल्या आणि त्यांना दिसलं की हिरो आधी जबरदस्ती करतो, मग पश्चात्ताप करतो, मग वाचक वेडे होतात. त्यांनी स्वतः भाग लिहिला. हळदीची रात्र, बाहेर ढोल, मागच्या खोलीत मीरा, विक्रांत प्यायलेला. दार बंद. मागे फुलं. पुढच्याच चौकटीत सकाळ, विक्रांत पाठमोरा, डोळ्यांत पाणी. "माफ कर मीरा. माझं प्रेमच तेवढं आहे."

मी रंग भरले. मीराच्या तोंडी संवादाचा एकही फुगा नव्हता. त्या शुक्रवारी आजवरची सगळ्यात जास्त हृदयं आली आणि सरांनी सगळ्यांना पेस्ट्री आणली.

सोमवारी काकू परत आल्या. डबा नव्हता. आल्या त्या सरळ सरांच्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तू पन ये बाय." बांगड्या काढल्या. ठेवायला कीबोर्ड नव्हता, म्हणून हातातच धरल्या.

राग आला की काकूंची बोली घट्ट व्हायची. त्या दिवशी मात्र त्या हळू, शाळेत धडा वाचतात तशा बोलल्या. बेबी तेव्हा एकोणीस-वीसची होती. चुलत बहिणीची हळद होती. दारात ढोल, सगळं गाव नाचत होतं. मागच्या खोलीत भांडी ठेवलेली, तिथे बेबी पातेलं आणायला गेली. नवऱ्या मुलाकडचा एक पोरगा तिच्या मागून गेला. हरिश्चंद्र. ढोलात कोणाला काही ऐकू आलं नाही. सकाळी आईला कळलं, मग बापाला, मग चार मोठी माणसं बसली, चहा झाला, आणि ठरलं. पोरगा घरचा बरा आहे, जमीन आहे, लग्न लावून टाका. बेबीला कोणी काही विचारलं नाही. चुलतबहिणीच्या हळदीचा पिवळा अजून अंगणातून गेला नव्हता, तर तिथेच बेबीला हळद लावायला बसवली.

"मी बाहेर नाचत होते," काकू म्हणाल्या. "माझी नवीन साडी होती. माना वाटलं, बेबी लाजून आत बसलीय."

केबिनमध्ये एसीचा आवाज येत होता. मी रडत होते. सर खुर्चीच्या दांड्याचं रबर सोलत होते.

"मला माहीत नव्हतं काकू."

"तुना कसं माहीत असनार? गावात सगल्यांना माहीत होतं, त्यांनी तरी काय केलं?" मग काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बेबीनं परवा फोन केलेला. मोठ्यानं रडली नाय, काय नाय. येवढंच विचारलं, ताई, आता मीराचं लगीन त्याच्याशीच लावतील न?"

सरांच्या मागे पांढरा फळा होता. त्यावर सरांनी स्वतःच्या हातानं पुढचे भाग लिहून ठेवलेले. अश्रू, माफी, हळद, लग्न. लग्नाखाली दोन रेघा मारलेल्या. काकूंनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. पुसलं नाही. "आता पुढचं मी सांगेन," एवढं बोलून त्या माझ्या टेबलाशी जाऊन मांडी घालून बसल्या.

सरांनी मधला मार्ग काढला. ते वाईट नव्हते, त्यांच्या डोक्यावर पैसे लावणारे लोक होते. म्हणाले, "ठीक आहे काकू. ट्रॉमाला आपण दोन भाग देऊ."

"दोन भागांत माझी दाढ बरी नाय होत."

"मग किती?"

"तिला विचारू," काकू म्हणाल्या. तिला म्हणजे मीराला.

त्यानंतरच्या पहिल्या भागात मीरानं सकाळी काय खाल्लं ते आलं. आईनं पोहे केले. मीरानं बशी घेतली, बशी गार झाली, मीरानं पोहे परत कढईत टाकले आणि उठून घरातल्या सगळ्या बादल्या घासल्या. संपला भाग. फुलं नव्हती. मी विचारलं, तिला रात्रीचं काय आठवतं ते दाखवायचं का? काकू म्हणाल्या, "पातेली. एकावर एक रचलेली. वरचं हलत होतं, आता पडेल, आता पडेल. येवढंच." मी चित्रकाराकडून पातेली काढून घेतली, रंगवली, प्रत्येक पातेल्यात मीराचा चेहरा वाकडा दाखवला. विक्रांतची हनुवटी कुठेच नव्हती. रंग भरायला सोपा भाग, पण मला दोन दिवस लागले.

वाचकांनी लिहिलं, बोअर. विक्रांत कुठे आहे? बादल्या किती घासणार? एकीनं लिहिलं, तो सॉरी म्हणाला ना, मग हिचं काय चाललंय? आणि त्यांच्या खाली कोणीतरी, नाव न टाकता, लिहिलं, "मी पण बादल्याच घासलेल्या." त्याच्याखाली आणखी एकीनं, "मी पायपुसणी." मग तशी ओळच लागली. फरशी, खिडक्या, भावाचे बूट. त्यांच्यापैकी कोणी हृदय दाबलं नव्हतं.

पुढच्या भागात मीरा बँकेत गेली आणि दिवसभर व्यवस्थित काम केलं. सर म्हणाले, "ट्रॉमा आहे तर ऑफिसला कशी जाते?"

"मग हप्ता कोन भरनार? तू?"

तिसऱ्या भागात आईनं मागून खांद्यावर हात ठेवला आणि मीरानं आईला ढकललं. चौथ्यात ती भलत्याच वेळी हसली. विक्रांत फुलं घेऊन आला तर ती दार न उघडता आतून बघत उभी राहिली, तो जाईपर्यंत. सर म्हणाले, वाचकांना विक्रांतबद्दल वाटायला पाहिजे, तो आतून जखमी आहे.

"जखमी तो?" काकू म्हणाल्या. "मग ती कोन, डॉक्टर?"

बेबीमावशींचा डबा परत सुरू झालेला, पण शुक्रवारचे फोन छोटे झाले. "वाचलं ताई," आणि मग तोच प्रश्न. लगीन कवा हाय? काकू म्हणायच्या, अजून ठरलं नाय. मीराचं लग्न लागलं असतं तर चार मोठ्या माणसांनी तीस वर्षांपूर्वी बेबीला जे सांगितलेलं तेच आम्ही रंगीत करून तिच्या हातात दिलं असतं. आणि देणारी यावेळी तिची बहीण असती.

हृदयं आटली. पैसे लावणाऱ्यांचा फोन आला, सरांनी तो दार लावून घेतला. बाहेर येऊन म्हणाले, काकू, सॉरी, पण फळ्यावर आहे तसंच होईल. विक्रांतशी लग्न. तुम्हाला नसेल सांगायचं तर मी लिहितो. म्हणजे त्यांनी काकूंना कामावरून काढलंच. दुसऱ्या दिवशी काकू नेहमीच्या वेळी आल्या आणि आपल्या खुर्चीवर बसल्या. नोकरीवरून काढता येतं, घरमालकिणीला कुठून काढणार? मला वाटलं, आता बाई गाळा खाली करायला सांगतील. एक शब्द बोलल्या असत्या तर सरांनी मीराला संन्यासिनी केलं असतं. मी तसं म्हटलंही.

"नको," काकू म्हणाल्या. "घाबरून 'नाय' बोलला तर ते 'नाय' कसलं?" आणि सरांना म्हणाल्या, "नितीन, लगीन लाव. पन आधी बेबीकडं जेवाला चल. तू तिचं एवढं खाल्लंस, आभार मानून ये."

आम्ही तिघं काकूंच्या गाडीतून गेलेलो. कळव्याला दुसऱ्या मजल्यावर चांगला प्रशस्त फ्लॅट होता. दार हरिश्चंद्रांनी उघडलं. केस पांढरे, तोंडभर हसू. या या करून बसवलं, स्वतः पाणी आणलं, पंखा वाढवला. नातवंडांचे फोटो दाखवले. बायकोचं कौतुक तर विचारू नका. "आमची बेबी लाजरी हाय, पानात कमी वाढनार नाय पन बोलनार नाय." माणूस खरंच अगत्याचा होता. हे मला आजही सांगताना बरं वाटत नाही.

बेबीमावशी बारीक, पांढऱ्या केसांचा छोटा अंबाडा. वाढत होत्या. पांढरी डाळ, पांढरा भात, ओल्या बोंबलांचं पांढरं कालवण. मला म्हणाल्या, "मीराला रंग तूच देतंस न? तिला ती निली साडी शोभते." बस्स. हरिश्चंद्र वाटीसाठी हात पुढे करायचे त्याआधी वाटी त्यांच्यासमोर असायची आणि मावशी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. ते उठले की त्या सरकायच्या. त्यांच्याकडे न बघता. सरांच्या ते लक्षात आलं नाही. ते माझ्या कानाशी म्हणाले, "बघ, झालंच ना शेवटी सगळं नीट."

मग हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी बघायला गेले. ओट्याच्या बाजूला भिंतीशी एक छोटी खाट होती, त्यावर घडी घातलेली चादर आणि चष्मा. स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी होती. तिच्या वर एक नवी. खाली एक जुनी, गंजून निखळलेली, आणि तिच्याही खाली आधीच्या कडीची नुसती भोकं. सर ओल्या हातांनी ते दार बघत उभे होते. नळ चालू होता. मी बंद केला.

बाहेर आल्यावर हरिश्चंद्रांनी गूळ-खोबरं पुढे केलं. सरांनी हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

गाडी कळव्याच्या पुलावर आली तेव्हा काकू बोलल्या. "बघितलास, नितीन? नवरा पानी आनून देतो. नातवंडं हायेत. फोटो हाय. तुझा शेवटचा भाग असाच दिसनार, चांगलाच दिसनार. फक्त ती कडी कुठल्या चौकटीत काढशील, तेवढं सांग." गूळ सरांच्या मुठीत विरघळून शर्टाला लागलेला.

"मावशी निघत का नाहीत तिथून?" मी विचारलं.

"मी किती वेला बोलले, ये. ती बोलते, पोरं काय बोलतील. लोक काय बोलतील. आता या वयात कुठं." काकूंनी डोळे पुसले. "खरं सांगू बाय, तिला कोनी कधी दाखवलंच नाय, नाय बोलल्यावर काय होतं ते."

सोमवारी सरांनी फळा स्वतः पुसला. एवढंच म्हणाले, "मीराचं तुम्ही सांगा काकू. पुढचं मी बघतो." फार मोठी गोष्ट होती ती, कारण पुढचं त्यांनी खरोखरच बघितलं, आणि पैसे लावणारे त्या वर्षाअखेर निघून गेले.

काकूंनी तो भाग एका बैठकीत सांगितला. मीराच्या घरी मोठी माणसं जमलेली. चहाचे कप. मामा, काका, विक्रांतचे वडील. पोरगा बरा आहे, चूक झाली, लग्न लावून टाकू. सगळ्यांचे आवाज काकू काढत होत्या, गोड गोड, समजूतदार. एकही माणूस वाईट बोलत नव्हता. खालची मशीन केव्हाच थांबलेली. मग मीराची पाळी आली आणि काकू थांबल्या. घसा खाकरला, पाणी प्यायलं. शेवटी अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "नाही."

"याच्या मागे कुठला रंग भरू?" मी विचारलं.

"काय भरू नको. पांढरं ठेव."

शुक्रवारी दुपारी भाग गेला. काकू बांगड्या काढून बसलेल्या, काही सांगायचं नसताना. सर केबिनमधून बाहेर येऊन उगाच प्रिंटरशी उभे राहिले. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा फोन वाजला. काकूंनी स्पीकर लावला. मागे टीव्हीचा आवाज होता.

"ताई, वाचलं."

"बरं."

"ती 'नाय' बोलली."

"हां."

टीव्हीवर कसली तरी जाहिरात लागली आणि संपली.

"मंग ती गेली कुठं?"

ते आम्ही ठरवलंच नव्हतं. सरांनी तोंड उघडलं, सवयीनं, पुढच्या शुक्रवारी कळेल असं सांगायला, आणि परत मिटलं.

"बहिनीकडं गेली," काकू म्हणाल्या.

मीराला बहीण नव्हती. एकुलती एक होती ती, पहिल्या भागापासून.

"मीराला बहीन हाय?"

"हाय. मोठी हाय."

"ठेवून घेईल ती?"

"न्यायला येतेय. गाडी घेऊन."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मावशी दुसरीकडे गेल्या असाव्यात. एक कडी लागल्याचा आवाज आला, मग दुसरी.

"कवा?" आवाज अगदी जवळ आलेला.

"आत्ता निघतेय," काकू म्हणाल्या, आणि उठल्या.

त्यानंतर मंदाकाकू ऑफिसात आल्या नाहीत. पुढे कंपनी कल्याणला छोट्या जागेत गेली, मीही गेले. काकूंना मी शेवटचं बघितलं ते तेव्हाच. बांगड्या माझ्या कीबोर्डजवळ तशाच राहिल्या. मी त्या उचलून जिन्यापर्यंत धावले, तोवर काकू खाली पोचलेल्या. गाडीचं दार उघडून, फोन कानाला लावून घरच्या स्वयंपाकवाल्या बाईंशी बोलत होत्या, नेहमीसारख्या मोठ्यानं, की डब्यांच्या मशीनवरूनही मला वर ऐकू येत होतं.

"उद्या सकाळी पोहे कर. हां, जास्त कर. आनि ऐक, हळद घालू नको."